वर्षाला १ मिलिमीटरही पाऊस नाही, तरी लाखो लोक राहतात: अटाकामा वाळवंटात जगणं कसं चालतं?

चिलीच्या उत्तर टोकाला समुद्राकाठी आरिका नावाचं बंदराचं शहर आहे. या शहरात ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या काळात पावसाचा एक थेंबही पडल्याची नोंद नाही. म्हणजे सलग १४ वर्षांहून जास्त. जागतिक हवामान संघटनेच्या यादीत जगातला सर्वात लांब कोरडा काळ म्हणून हीच नोंद आहे. आरिकाच्या पावसाची ५९ वर्षांची सरासरी काढली तर ती येते वर्षाला ०.७६ मिलिमीटर. तुमच्या पाकिटातल्या एटीएम कार्डाची जाडी साधारण एवढीच असते.

तरीही आरिकात दोन लाखांहून जास्त लोक राहतात. इकिके, अँटोफगास्टा, कालामा, कोपियापो ही मोठी शहरंसुद्धा याच कोरड्या पट्ट्यात आहेत. आणि माणूस इथे आज आलेला नाही, हजारो वर्षांपासून तो इथे राहतोय.

मग या लोकांना पाणी मिळतं कुठून? आणि जिथे पाऊसच पडत नाही, अशा जमिनीसाठी देशादेशांत युद्ध का झालं?

अटाकामा एवढं कोरडं का आहे?

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत साधारण १,००० किलोमीटर लांबीची एक चिंचोळी पट्टी म्हणजे अटाकामा. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला अँडीज पर्वत. ध्रुवांकडची थंड वाळवंटं सोडली तर हे जगातलं सर्वात कोरडं वाळवंट मानलं जातं. समुद्र अगदी शेजारी असून पाऊस नाही, याची मुख्य कारणं तीन आहेत.

पहिलं कारण पूर्वेला आहे. अॅमेझॉनच्या जंगलावरून येणारे बाष्पाचे ढग अँडीजच्या उंच रांगेला अडतात आणि पलीकडच्या उतारावरच रिकामे होतात. पर्वत ओलांडून येते ती कोरडी हवा. सह्याद्री पावसाळी ढग अडवतो आणि त्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो, तसाच हा प्रकार. फक्त अँडीजची उंची सह्याद्रीच्या कित्येक पट आहे.

दुसरं कारण समुद्रात आहे. अंटार्क्टिकाच्या बाजूने येणारा थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह या किनाऱ्याला लागून वाहतो. थंड पाण्यामुळे त्याच्या वरची हवाही थंड आणि जड राहते. ती वर चढत नाही, त्यामुळे पावसाचे उंच ढग तयार होत नाहीत.

तिसरं कारण आकाशात आहे. प्रशांत महासागराच्या या भागावर जवळजवळ वर्षभर हवेच्या जास्त दाबाचा पट्टा असतो. तिथे हवा वरून खाली दाबली जाते आणि जे थोडे ढग तयार होऊ पाहतात, तेही विरून जातात.

वाळवंट म्हणजे रखरखीत ऊन, हे समीकरण इथे चालत नाही. किनाऱ्यावरच्या शहरांत वर्षभराचं सरासरी तापमान १८-१९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आतल्या बाजूला सान पेद्रो दे अटाकामा हे गाव सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे दिवसा चांगलं ऊन पडतं, पण हिवाळ्यात रात्रीचा पारा शून्याच्या खाली जातो. हवेत बाष्प नसल्याने दिवसाची उष्णता रात्री धरून ठेवायला काहीच नसतं.

पाऊस नाही, पण धुकं आहे

किनाऱ्यावरच्या डोंगरांवर समुद्राकडून दाट धुकं चढतं. स्थानिक लोक त्याला कमांचाका म्हणतात. या धुक्यातून पाऊस पडत नाही, पण वाटेत काही आडवं आलं की त्यावर बारीक थेंब साचतात. किनाऱ्यालगतच्या डोंगरांवरची निवडुंगं, दगडफूल आणि मुळं जमिनीत न रोवता वाळूवर नुसती पसरलेली टिलँडशिया नावाची झुडपं याच ओलाव्यावर जगतात.

हीच युक्ती माणसांनीही उचलली. डोंगरमाथ्यावर दोन खांबांमध्ये बारीक जाळी ताणून बांधायची. धुकं जाळीतून जाताना थेंब धाग्यांवर अडकतात, ओघळून खालच्या पन्हळीत पडतात आणि पाइपातून टाकीत जातात. वीज लागत नाही, पंप लागत नाही.

वाळवंटाच्या दक्षिण सीमेपलीकडे चुंगुंगो नावाचं कोळ्यांचं गाव आहे. पूर्वी तिथे टँकरने पाणी यायचं. १९९२ पासून डोंगरावरच्या सुमारे १०० जाळ्यांतून गावाला रोज सरासरी १५,००० लिटर पाणी मिळू लागलं. तेव्हा गावाची वस्ती जेमतेम तीनशेच्या पुढे होती. पण साधारण दहा वर्षांत ही योजना मोडकळीस आली. जाळ्या फाटल्या, देखभालीची जबाबदारी नक्की कोणाची हे ठरलं नाही, लोकसंख्या वाढली आणि गावाला पुन्हा टँकरकडे वळावं लागलं. धुकं तेवढंच होतं, व्यवस्था टिकली नाही. अटाकामात पाण्याची गोष्ट बऱ्याचदा अशीच आहे. पाणी किती आहे यापेक्षा ते कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न मोठा ठरतो.

फुलांचं वाळवंट आणि पावसाने मेलेले जीव

वाळवंटाच्या दक्षिण भागात, कोपियापो आणि वायेनारच्या आसपास, काही वर्षांनी एकदा बऱ्यापैकी पाऊस होतो. बहुतेक वेळा एल निनोच्या वर्षांत. मग मातीत वर्षानुवर्षं पडून असलेली बियाणं आणि कंद जागे होतात आणि काही आठवडे मैलोन्मैल जांभळी, पिवळी, पांढरी फुलं दिसतात. दोनशेहून अधिक प्रजातींची फुलं यात असतात. फुलांबरोबर कीटक येतात, कीटकांमागे पक्षी आणि सरडे येतात. हे बघायला पर्यटकांचीही गर्दी होते आणि त्यांच्या गाड्यांखाली ही फुलं चिरडली जातात. २०२२ मध्ये चिलीचे राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल बोरिक यांनी या भागासाठी राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं.

वाळवंटाच्या गाभ्यात मात्र असं काही फुलत नाही. युंगाय परिसरातली माती इतकी निर्जीव आहे की २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची तुलना मंगळावरच्या मातीशी केली. मंगळावर पाठवायच्या उपकरणांच्या चाचण्या नासा इथे घेत आली आहे. तरी इथेही जीव सापडले. मिठाच्या खड्यांच्या आत राहणारे सूक्ष्मजीव हवेतला नाममात्र ओलावा मिठाने शोषला की त्यावर जगतात.

२०१७ मध्ये या गाभ्यात अनपेक्षित पाऊस पडला आणि उथळ तळी साचली. पाणी आलं म्हणजे जीवसृष्टी बहरेल असं कोणालाही वाटेल. झालं उलटंच. तळ्यांची तपासणी केली तेव्हा तिथल्या बहुतेक सूक्ष्मजीव प्रजाती नाहीशा झालेल्या होत्या. लाखो वर्षं कोरडेपणाशी जुळवून घेतलेल्या पेशींना एकदम आलेलं एवढं पाणी सोसलं नाही. २०१८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

इजिप्तच्या आधीच्या ममी

ममी म्हटलं की इजिप्त डोळ्यांसमोर येतं. पण माणसांनी मुद्दाम तयार केलेल्या सर्वात जुन्या ज्ञात ममी अटाकामाच्या किनाऱ्यावरच्या आहेत. आरिकाच्या परिसरात राहणारे चिंचोरो लोक मासेमारी आणि शिकारीवर जगायचे. सुमारे ७,००० वर्षांपूर्वीपासून ते आपल्या मृतांचे देह जपू लागले. त्वचा आणि अवयव काढायचे, हाडांना काठ्यांचा आधार द्यायचा, आत माती आणि वनस्पती भरायच्या आणि चेहऱ्यावर मातीचा मुखवटा चढवायचा. इजिप्तमधली ही प्रथा याच्या सुमारे २,००० वर्षांनंतरची आहे.

आणखी एक मोठा फरक आहे. इजिप्तमध्ये हा मान सुरुवातीला राजे आणि श्रीमंतांना मिळायचा. चिंचोरोंमध्ये मात्र सामान्य माणसांच्या, तान्ह्या बाळांच्या, अगदी जन्माआधीच गेलेल्या अर्भकांच्याही ममी सापडल्या आहेत. इथल्या कामारोनेस नदीच्या पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक खूप आहे. त्यामुळे गर्भपात आणि बालमृत्यू वाढले असावेत आणि मुलं गमावलेल्या आईबापांच्या दुःखातून ही प्रथा सुरू झाली असावी, असा तर्क मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्दो आरियाझा यांनी मांडला आहे.

२०२१ मध्ये युनेस्कोने चिंचोरो वसाहती आणि त्यांच्या ममींना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याआधी, २०१५ च्या सुमारास, आरिकाच्या संग्रहालयातल्या काही ममींची त्वचा विरघळून काळी, चिकट होत असल्याचं समोर आलं होतं. हवेतली आर्द्रता वाढल्याने त्वचेवरचे जीवाणू वाढले, असं संशोधकांचं म्हणणं होतं. हजारो वर्षं ज्या कोरड्या हवेने हे देह राखले, ती हवाच बदलू लागली तर ते टिकवायचे कसे, हा प्रश्न आता संग्रहालयापुढे आहे.

पाटाचं पाणी आणि पाळी

किनाऱ्यापासून आत, अँडीजच्या पायथ्याला, लिकान अंताय लोकांची गावं आहेत. त्यांना अटाकामेन्यो असंही म्हणतात. सान पेद्रो, तोकोनाओ, पेइने, सोकाइरे ही त्यातली काही गावं.

अँडीजच्या माथ्यावर डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान थोडा पाऊस होतो, हिवाळ्यात बर्फ पडतं. ते पाणी जमिनीत मुरतं आणि पायथ्याला झऱ्यांच्या, ओढ्यांच्या रूपात बाहेर येतं. या पाण्यावर मका, किनोआ, लसूणघास आणि फळझाडं होतात. लामा पाळले जातात. आल्गारोबो नावाच्या बाभूळवर्गी झाडाच्या शेंगांचं पीठ करून खाण्याची इथे जुनी पद्धत आहे.

पाणी थोडं, म्हणून ते पाळीने मिळतं. कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं हे गाव ठरवतं आणि आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा एक माणूस त्यावर नजर ठेवतो. वर्षातून एकदा सगळं गाव मिळून पाट साफ करतं. ज्याला पाणी हवं त्याने फावडं घेऊन यायचं, हा नियम. सोकाइरे आणि पेइनेमध्ये या दिवशी पाण्यासाठी तालातूर नावाचं गाणं गातात. ते कुन्झा भाषेत आहे. ही लिकान अंताय लोकांची मूळ भाषा. स्पॅनिश सत्तेच्या आणि नंतर शाळांच्या रेट्याखाली ती विसाव्या शतकात रोजच्या बोलण्यातून गेली. उरली ती गावांच्या नावांत, काही शब्दांत आणि पाटाच्या या गाण्यात. कुन्झामध्ये पाण्याला पुरी म्हणतात.

पावसाअभावी तयार झालेली संपत्ती

आता युद्धाकडे येऊ. अटाकामाच्या मातीत सोडियम नायट्रेट, म्हणजे एक प्रकारचा सोरा, मोठ्या प्रमाणात आहे. हा क्षार पाण्यात सहज विरघळतो. नेहमी पाऊस पडणाऱ्या देशात तो केव्हाच वाहून गेला असता. इथे पाऊस नसल्यामुळेच तो साठून राहिला. एकोणिसाव्या शतकात युरोपला शेतीसाठी खत आणि युद्धासाठी स्फोटकं हवी होती. दोन्हींना नायट्रेट लागायचं.

त्या वेळी या वाळवंटाचे भाग बोलिव्हिया आणि पेरूकडेही होते. नायट्रेट कंपनीवर बोलिव्हियाने लावलेल्या करावरून वाद पेटला आणि १८७९ मध्ये चिलीचं या दोन्ही देशांशी युद्ध सुरू झालं. ते जिंकून चिलीने नायट्रेटचा सगळा पट्टा घेतला. बोलिव्हियाचा समुद्रकिनारा गेला तो कायमचा. समुद्र नसलेल्या या देशाचं नौदल मात्र आजही आहे.

नायट्रेटचे मालक श्रीमंत झाले, मजुरांचं जगणं मात्र हलाखीचं होतं. अनेक ठिकाणी पगार पैशांत मिळायचा नाही. कंपनीच्या बिल्ल्यांत मिळायचा आणि ते बिल्ले कंपनीच्याच दुकानात चालायचे. डिसेंबर १९०७ मध्ये हजारो मजूर बायकामुलांसह वाळवंट तुडवत इकिकेला आले आणि सांता मारिया शाळेत थांबले. २१ डिसेंबरला लष्कराने त्यांच्यावर मशीनगन चालवल्या. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे, पण शेकडो लोक मारले गेले.

पुढे हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याची पद्धत जर्मनीत विकसित झाली आणि पहिल्या महायुद्धानंतर नायट्रेटचा धंदा कोसळला. गावं ओस पडली. हंबरस्टोन आणि सांता लॉरा ही त्यातली दोन ठिकाणं २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तिथली घरं, नाटकगृह, यंत्रं कोरड्या हवेत अजून उभी आहेत.

तांबं, लिथियम आणि पाण्याचा प्रश्न

नायट्रेटनंतर तांब्याचं राज्य आलं. एस्कोंदिदा ही जगातली सर्वाधिक तांबं देणारी खाण याच वाळवंटात आहे. कालामाजवळच्या चुकिकामाता खाणीत १९१५ पासून औद्योगिक पद्धतीने काम चालू आहे. प्रदूषणामुळे आणि खाणीच्या विस्तारामुळे खाणीशेजारचं कामगारांचं अख्खं गाव कालामाला हलवावं लागलं. कोपियापोजवळच्या सान होसे खाणीत २०१० मध्ये अडकलेल्या ३३ कामगारांची ६९ दिवसांनी झालेली सुटका तर जगभर टीव्हीवर पाहिली गेली.

आणि आता लिथियम. मोबाइल आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागणाऱ्या या धातूचे जगातले सर्वात मोठे साठे चिलीत आहेत आणि त्यातला बराचसा भाग सालार दे अटाकामा या मिठागरासारख्या विस्तीर्ण पठाराखाली आहे. तिथलं अतिखारं पाणी उपसून उथळ तलावांत सोडतात. वर्ष-दीड वर्ष ऊन आणि कोरडा वारा यांनी पाणी उडून जातं आणि लिथियम असलेला द्रव उरतो. इथेही पाऊस नसणं हाच धंद्याचा पाया आहे.

वाद आहे तो याच उपशावर. कंपन्यांचं म्हणणं असं, की हे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट आहे, ना पिण्याचं ना शेतीचं. चिलीत ते पाणी म्हणून नव्हे, खनिज म्हणून धरलं जातं. स्थानिक समुदाय आणि अनेक अभ्यासक म्हणतात, की जमिनीखाली खारं आणि गोडं पाणी एकमेकांना लागून आहे, एक उपसलं की दुसऱ्याचा समतोल ढळू शकतो. कडेच्या खाऱ्या तळ्यांत तीन जातींचे रोहित पक्षी येतात, त्यांचं अन्नही याच पाण्यावर अवलंबून आहे. २०२४ मध्ये चिली विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहांच्या माहितीवरून दाखवलं, की उपशाच्या भागात जमीन वर्षाला १ ते २ सेंटीमीटर खचते आहे.

समुदायांमध्येही एकमत नाही. २०१६ मध्ये अटाकामेन्यो गावांच्या परिषदेने अल्बेमार्ल या कंपनीशी विक्रीतला ३.५ टक्के वाटा मिळवण्याचा करार केला. त्या पैशाने गावांत कामं झाली, पण पाण्याची भरपाई पैशाने होते का, असा सवाल विचारणारेही त्याच गावांत आहेत.

याच्या मुळाशी एक कायदा आहे. पिनोशे यांच्या लष्करी राजवटीत, १९८१ मध्ये, चिलीने पाण्याचे हक्क जमिनीपासून वेगळे केले. ते खाजगी मालमत्तेसारखे विकता येऊ लागले. लोआ नदीकाठच्या किल्यागुआ या आयमारा लोकांच्या गावाला त्याची किंमत कळली. १९९७ मध्ये नदीचं पाणी दूषित झालं, नदीतली कोळंबी मेली, शेती कोलमडली आणि अनेकांनी आपले पाण्याचे हक्क खाण कंपनीला विकले. जगातल्या सर्वात कोरड्या गावांपैकी एक असलेलं हे गाव शतकानुशतकं एका नदीवर जगत होतं. नदी बिघडल्यावर बरेच लोक गाव सोडून गेले.

शहरांनीही किंमत मोजली आहे. वाढत्या अँटोफगास्टाला १९५८ पासून अँडीजमधल्या ज्या नद्यांचं पाणी दिलं गेलं, त्यात आर्सेनिकचं प्रमाण फार मोठं होतं. १९७० मध्ये शुद्धीकरण प्रकल्प सुरू झाला. पण ते पाणी प्यायलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचं वाढलेलं प्रमाण पुढची अनेक दशकं दिसत राहिलं.

स्वच्छ आकाश आणि जमिनीतला शोध

बाष्प नसलेल्या हवेतून आकाश स्वच्छ दिसतं. अंतराळातून येणाऱ्या काही लहरी बाष्पात शोषल्या जातात, त्या इथे जमिनीपर्यंत पोहोचतात. म्हणून ६६ अँटेनांची आल्मा दुर्बीण सुमारे ५,००० मीटर उंचीवरच्या चाखनांतोर पठारावर उभी आहे. ३९ मीटर व्यासाच्या आरशाची जगातली सर्वात मोठी प्रकाशीय दुर्बीणही याच वाळवंटात बांधली जात आहे.

याच वाळवंटात काही बायका कित्येक वर्षं जमीन उकरत होत्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये, लष्करी उठावानंतर काही आठवड्यांत, कालामात २६ जणांना मारून वाळवंटात पुरण्यात आलं. त्यांच्या बायका, आया आणि बहिणी १७ वर्षं फावडी घेऊन शोधत राहिल्या. १९९० मध्ये पुरल्याची जागा सापडली, पण तिथे हाडांचे तुकडेच होते. देह आधीच उकरून हलवण्यात आले होते. कोरड्या मातीत काही कुजत नाही, म्हणून तो पुरावा टिकला आणि म्हणूनच तो कोणालातरी हलवावासा वाटला.

पुढे काय?

काही गोष्टी बदलत आहेत. एस्कोंदिदा खाणीने २०१९ अखेर भूजल उपसणं थांबवलं आणि ती समुद्राचं गोडं केलेलं पाणी वापरू लागली. अँटोफगास्टाच्या नळांनाही आज मोठ्या प्रमाणात समुद्राचंच पाणी येतं. २०२२ मध्ये पाण्याचा कायदा सुधारण्यात आला. पिण्याच्या पाण्याला प्राधान्य मिळालं आणि नवे हक्क कायमचे न देता मुदतीचे झाले. लिथियमच्या उद्योगात सरकारचा वाटा वाढवण्याचं धोरण २०२३ मध्ये जाहीर झालं.

पण जुने हक्क बहुतांशी तसेच आहेत आणि लिथियमची मागणी वाढते आहे. समुद्राचं पाणी गोडं करून २,००० मीटर वर चढवणं खाण कंपनीला परवडतं, मक्याच्या चार वाफ्यांना नाही. त्यामुळे सोकाइरे किंवा पेइनेच्या पाटात पाणी राहणार की नाही, हे यापुढे पावसापेक्षा उपशाच्या परवान्यांवर जास्त अवलंबून असेल.